शूटिंगची तालीम

पोलीस ठाण्यासमोर झेरॉक्सचं दुकान टाकलं की माणूस आपोआप पंच होतो. पंच म्हणजे झडतीचा साक्षीदार. काय सापडलं ते त्यानं डोळ्यांनी बघायचं आणि पंचनाम्यावर सही करायची. यातलं फक्त दुसरं काम मी मनापासून करायचो. झडती गावात कुठंतरी व्हायची, सही माझ्या काउंटरवर. घरी सांगायचो, जाऊन आलो.

मग दिल्लीत नव्या फौजदारी कायद्यांची विधेयकं आली. त्यांत झडतीचं शूटिंग करायचं लिहिलेलं. आमचे जमादार धास्तावले. "कायदा यायच्या आत तालीम करू," म्हणाले, आणि दुकानामागचं माझंच घर निवडलं. गादीखाली चाकू त्यांनीच ठेवला. पंच मी आणि बायको. शिपायानं मोबाइल धरला.

जमादार कपाट उघडू लागले, मग पिठाचे डबे.

"चाकू गादीखाली हाये ना?" मी कुजबुजलो.

"एकदम सापडला तर खोटं वाटतं, भाऊ. थोडं हुडकलं पायजे."

हुडकता हुडकता त्यांनी कोपऱ्यातल्या बंद मशीनचा कागदाचा ट्रे ओढला. आत गुटख्याच्या पुड्यांची माळ. जालन्याच्या डॉक्टरांनी दम दिल्यावर बायकोच्या गळ्याची शपथ घेऊन मी सोडलेला, तोच गुटखा.

"वहिनी, करा सही," जमादार हसू दाबत म्हणाले. "चाकूचंच लिहून राह्यलो."

"न्हाई. सापडलं ते बराबर लिहा. अन् ह्यांना इचारा, कोणाचं हे."

शिपायानं मोबाइल माझ्यावर वळवला.

"माझंच."

"माझी शपथ घेतल्ती ना? अजून काय काय खोटं सांगितलं मला?"

तिचा आवाज बिलकुल चढला नाही, म्हणून मी जास्त घाबरलो. बोलायला लागलो, ते थांबलोच नाही.

"एका बी झडतीला मी गेल्तो न्हाई. सगळ्या सह्या दुकानात बसून केल्या. त्या घरांतलं कोणी बाजारात दिसलं की मी गल्ली बदलतो. त्यांच्या घरात खरंच काय सापडलं, मला काय—"

"ए, बंद कर ते शूटिंग!" जमादारांचा पंजा मोबाइलवर आला.

व्हिडिओ तिथंच पुसला. पुढं कायदा लागू झाला. पंच म्हणून मला आता कुणी बोलवत नाही. तालमीचा पंचनामा मात्र घरातच राहिला. त्यावर माझी सही आहे, बायकोची जागा अजून कोरी. रोज सकाळी ती मशीनचा ट्रे ओढून बघते आणि माझ्याकडे वळून म्हणते, "आ करा."