आक्का आणि किल्ल्यातली राजकन्या

आमची आक्का कुणाची वाट बघायची न्हाई. गाडीची न्हाई, चहाची न्हाई, माणसाची तर न्हाईच. लातूरकडल्या मुरुडहून आमच्याकडं नायगावला यायची तर आधी सांगावा न्हाई, फोन न्हाई. दुपारच्याला दारात उभी. काखेत गाठोडं, पायात टायरची चप्पल. आक्का म्हणजे माझी नणंद, मालकांची थोरली बहीण. माझी सासू होती तवा ती उंबऱ्यातच आडवायची, "संगं कोण आलंय?" आक्का पदरानं तोंड पुसायची आन् म्हणायची, "दोघं आलेत. ह्यो डावा, ह्यो उजवा." आन् दोन्ही पाय पुढं करायची.

सासूला ते आवडायचं न्हाई. आमच्या टायमाला लेकीनं माहेराला यायचं तर तिला आणायला मुराळी जायचा. भाऊ जायचा, चुलता जायचा, कुणीच नसलं तर गल्लीतलं एखादं म्हातारं माणूस जायचं. मुराळ्याबिगर लेक दारात दिसली की शेजारणी समजून जायच्या, हिला टाकली. म्हणून तो सवाल. पाणी नंतर, आधी संगं कोण.

आक्काला खरंच टाकली होती. नवऱ्यानं दुसरी केली आन् हिला म्हणला, माहेरी जाऊन बस, मी बोलावतो. वाट बघितली ती तेवढीच, आठ दिवस. नवव्या दिवशी आपली आपण परत गेली, आपली भांडी उचलली आन् मुरुडला एक खोली बघून राहिली. आधी रस्त्याच्या कामावर खडी फोडली, मग शाळेत पोरांची खिचडी शिजवायला लागली. आम्ही लई रडलो. ती म्हणली, "बोलावणाऱ्याला नऊ दिस लागत न्हाईत." त्यावर परत कधी बोलली न्हाई.

तिला वाचता येत नव्हतं. पण यष्टीनं कुठंबी जायची. तिची एक रीत होती. स्टँडवर तिघांना विचारायचं. "दोघांचं जुळलं की बसायचं. एकट्याचं खरं धरायचं न्हाई, मग तो कंडक्टर का असंना." कंडक्टर हसायचे तिला. ती बी हसायची, पण तिसऱ्याला विचारल्याबिगर पायरी चढायची न्हाई.

मागल्या साली तिचे गुडघे गेले. मी निरोपावर निरोप धाडले तवा आली आन् दोन-अडीच महिने आमच्याकडं राहिली. मालक जाऊन बरीच वर्सं झालेली. घरात आम्ही दोघी म्हाताऱ्या आन् सुट्टीला आलेली माझी नात प्रज्ञा. प्रज्ञा नांदेडला कॉलेजात कॉम्प्युटर शिकती. हे सगळं मी सांगायले आन् तीच लिहून घ्यायली. मी दुसरीपर्यंत गेलेली, माझं अक्षर मलाच लागत न्हाई.

एका दुपारी प्रज्ञा फोनवर खेळत बसलेली. आक्का तिच्या खांद्यावरून बघायली.

"ह्यो टोपीवाला कोण गं?"

"राजपुत्र हाय आक्काआजी. ह्याला आपण चालवायचं. काटे, खड्डे, साप, सगळं ओलांडून किल्ल्यापर्यंत न्यायचं."

"किल्ल्यात काय ठिवलंय?"

"राजकन्या. राक्षसानं कोंडलीय तिला. तिला सोडवायचं."

आक्कानं फोन हातात घेतला, डोळ्यापाशी नेला. "तिला चालवायचं बटन कुठलं?"

"तिला बटन न्हाई. ती नुसती उभी असती."

"कामून? पाय न्हाईत तिला?"

"हायत की. चित्रात हायत."

"मग?"

मी निवडण करत होते, मला हसू आलं. मी म्हणले, "आक्का, तिचा मुराळी यायलाय. ती कशाला चालंल?" आक्का माझ्याकडं बघून राहिली. मग फोनमधी डोकं घातलं.

त्या दिवसापासून तिला नाद लागला. खडी फोडलेली बोटं ती, बटन असं दाबायची की प्रज्ञा ओरडायची, काच फुटंल आक्काआजी. टोपीवाला खड्ड्यात पडला की आक्का त्याला शिव्या द्यायची, "मुडद्या, डोळे कुठं हायत तुझे?" आन् परत चालू करायची. त्याला तीन जीव असायचे. तीनबी गेले की खेळ पहिल्यापासून. पंधरा दिवसांनी एकदाचा पोचला तो किल्ल्यात. दार उघडलं, राजकन्येनं हात जोडले, वर काहीतरी अक्षरं आली. आक्का वाट बघायली.

"आता?"

"आता काय न्हाई. संपला खेळ. जिंकलीस तू."

"तिला घरी न्हेत न्हाई ह्यो?"

"न्हाई. इथंच संपतंय."

"तिची माय वाट बघत असंल की गं. इथवर येऊन दारातच सोडून दिली, मग उपेग काय झाला?" तिनं फोन पालथा ठिवला. त्या दिवशी परत घेतला न्हाई.

पुढं प्रज्ञालाच परीक्षेसाठी एक खेळ बनवायचा होता. गटात चौघंजण. त्यांचं भांडण लागलेलं. एकजण म्हणतो, राजकन्येलाच हिरो करा, तिला पळू द्या, लढू द्या. दोघं म्हणतेत, नगं, खेळणाऱ्याला कुणालातरी वाचवायचं असतं, तीच तर मजा, ती स्वताच सुटली तर राजपुत्रानं काय करायचं? प्रज्ञाचं तिचं तिलाच ठरंना. एक दिवस चहा पिताना म्हणली, "तुम्ही दोघी सांगा. तिला बाहेर काढू का आतच ठिवू?"

आक्का म्हणली, "काढ."

मी म्हणले, "आतच राहू दे. आत निवारा हाय, दोन टाइम खायला मिळत असंल. एकटी निघाली आन् घरी पोचली तर दारात पहिलं काय विचारतील? संगं कोण आलंय. काय सांगंल ती? आन् तो निघालेला असंल आन् हीच रस्त्यात चुकामूक करून बसली तर त्याला काय वाटंल? ज्याला यायचं असतंय तो येतोच."

आक्का नेहमी माझं बोलणं हाणून पाडायची. त्या दिवशी न्हाई पाडलं. मी कामून म्हणते ते तिला ठावं होतं.

माझं माहेर हिमायतनगरकडं. लगीन होऊन चार वर्सं झालेली, लेक कडेवर. एका माणसाच्या हाती सांगावा आला, माय लई आजारी हाय, पोरीला धाडा. सासू म्हणली, मुराळी येऊ दे, मग जा. मालक तवा कारखान्यावर उसाला गेलेले. मी गाठोडं बांधून ठिवलं. भाऊ आज येईल, उद्या येईल. एक गाडी गेली की दुसऱ्या गाडीचं बघायचं. चार दिवस मी चुलीपुढून उठून दारात आन् दारातून चुलीपुढं. पाचव्या दिवशी आक्का आली, तशीच, न सांगता. दारातलं गाठोडं बघितलं, मला विचारलं. मी सांगितलं. तिनं पाणीबी घेतलं न्हाई. माझं गाठोडं उचललं आन् सासूला म्हणली, "हिचा मुराळी आलाय. मीच." सासू मागून बोलतच राहिली. आम्ही निघालो. आक्कानं नांदेडच्या स्टँडवर तिघांना विचारलं.

पोचलो तवा आदल्या दिवशी सगळं उरकलेलं होतं. अंगणात माणसं बसलेली. भाऊ मला बघून उठला आन् म्हणला, "मी कसा येऊ गं? मी तिच्या उशाशी होतो. तू येशील म्हणून ती दाराकडं बघत होती." मी चार दिवस त्याची वाट बघायले आन् तो तिथं माझी.

आक्का तीन दिवस माझ्यासंगं राहिली तिथं. परत येताना यष्टीत, घरी आल्यावर, पुढं एवढ्या वर्सांत, ती मला कधी म्हणली न्हाई की तू निघायला पाहिजे होतंस. भांडणात माणूस काय काय काढतो. आमची भांडणं बी झाली, चुलीवरून झाली, लेकरांवरून झाली. तिनं ते एक कधी काढलं न्हाई.

प्रज्ञानं शेवटी आक्काचं ऐकलं. थोड्या दिवसांनी लॅपटॉप घेऊन बसली आन् आम्हाला दाखवलं. किल्ल्याचं दार, आत राजकन्या, आन् तिच्या काखेत गाठोडं. आक्काला ते गाठोडं लई आवडलं. बटन दाबलं तशी पोरगी चालायली, चार पावलं गेली आन् पहिल्याच खड्ड्यात पडली. खेळ संपला.

"बघा," मी म्हणले.

आक्कानं प्रज्ञाला विचारलं, "त्या टोपीवाल्याला किती जीव होते?"

"तीन."

"हिला?"

प्रज्ञानं लॅपटॉपात बघितलं. "एकच हाय. तिचे जीव टाकायचे राहिलेत आक्काआजी."

"टाक मग. त्याला तीन आन् हिला एक, ह्यो कुठला न्याव? पडू दे की तिला. तो टोपीवाला माझ्या हातानं किती बार पडला, त्याला कुणी म्हणलं का आतच बस म्हणून?"

"आन् राजपुत्राचं काय करू? काढून टाकू?"

"राहू दे त्याला. ज्याला तो पाहिजे त्यानं तो घ्यावा. त्याला बी इसावा लागतोय, रोज रोज त्यानंच किती मरायचं?" मग म्हणली, "आन् ती घरापर्यंत पोचली पाहिजे बरं का. दारात सोडून देऊ नको."

मी तरीबी हाव म्हणले न्हाई. हाव म्हणलं तर माझे ते चार दिवस चुकीचे ठरत होते. निवडणाचं सूप घेतलं आन् उठले.

गुडघे जरा हलायला लागले तशी आक्का मुरुडला गेली. जाताना मी म्हणले, शेजारच्या पोराला संगं धाडते. ऐकतीय व्हय. काठी टेकत गेली.

दिवाळी झाल्यावर एका मंगळवारी तिच्या शेजारणीचा फोन आला. आक्काला लातूरला दवाखान्यात आणलंय, छातीत पाणी झालंय, तुमचं नाव काढायलीय. मी पुण्याला लेकाला फोन लावला. तो म्हणला, "आई, रविवारी सुट्टी हाय, मी येतो तुला न्यायला. तू एकटी निघू नको. नांदेडात बदलावं लागतंय, तुला जमायचं न्हाई." खरंच होतं त्याचं. मी जन्मात एकटी यष्टीत बसले न्हाई. कुणीतरी बसवून द्यायचं आन् कुणीतरी उतरवून घ्यायचं. प्रज्ञाची परीक्षा चालू होती, तिला मी कळवलंच न्हाई.

फोन ठिवून मी बाजेवर बसले. लुगड्याचं गाठोडं बांधलं, दारात ठिवलं. मग त्या गाठोड्याकडं बघत बसले. बोटावर मोजायला लागले, मंगळवार, बुधवार, गुरुवार. रविवारपर्यंत गेले न्हाई मी. उठले, कुलूप लावलं, किल्ली शेजारी दिली. शेजारीण म्हणली, "कोण यायलंय न्यायला?" मी म्हणले, "हाय एकजण."

नांदेडपर्यंत नीट गेले. तिथं स्टँडवर एवढी माणसं, एवढ्या गाड्या. एका पोराला विचारलं, लातूरची कुठली? त्यानं हात केला, मी चढले. अर्धा घंटा गाडी चालल्यावर कंडक्टर तिकिटाला आला. "आजी, ही देगलूरची हाय. नायगाववरून जाती." म्हणजे मी घराकडंच निघाले होते. वाटलं, बरंच झालं, बसून राहावं, घरी उतरावं, रविवारची वाट बघावी. पुढच्या फाट्यावर उतरले. उन्हात उभी राहिले, परतीची गाडी धरली, परत नांदेडात आले. ह्या बारीला तिघांना विचारलं.

लातूरला पोचले तवा दिवस कलला होता. दवाखान्यात खाटा हुडकत हुडकत गेले. आक्का कडंच्या खाटंवर होती, नाकात नळी, तोंड एवढंसं झालेलं. डोळे उघडून बघितलं तिनं. आधी मी, मग माझ्या मागं दार. दारात कुणी नव्हतं.

"संगं कोण आलंय?" बारीक आवाज होता.

मी चप्पल काढली आन् दोन्ही पाय पुढं केले.

ती हसली. हसताना खोकला आला, मी पाठ धरली. दम बसल्यावर मी तिला सगळं सांगितलं, एकाच पोराला विचारलं ते, देगलूरच्या गाडीत बसले ते, फाट्यावर उतरले ते. तिनं डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं झोपली.

"एक जीव गेला तुझा," ती म्हणली. "दोन हायत आणखी."

त्यानंतर नऊ दिवस होते मी तिच्यापाशी, शेवटपर्यंत. रविवारी लेक आला, रागावला, मग आमच्यासाठी चहा घेऊन आला. आक्का दाराकडं बघत न्हाई बसली एकबी दिवस. तिचे किती जीव उरलेत, ते मी तिला विचारलं न्हाई.