लंगडी सर

आमचे इंग्रजीचे सर लंगडत नव्हते. तरी अड्याळच्या शाळेत सगळे त्यांना लंगडी सर म्हणत, आणि तेही त्या नावाला खुशाल ओ देत. इंग्रजी वाक्य कसं बांधायचं ते सर फळ्यावर शिकवत नसत. मैदानात आम्हाला उभं करून शिकवत. ज्याच्या तोंडी पूर्ण वाक्य, तो दोन पायांवर: ‘द बंडी स्टॉप्ड,’ म्हणजे बैलगाडी थांबली. ज्याचं बोलणं अर्धवट, तो एका पायावर: ‘बिकॉज द बुल्स वेअर थर्स्टी.’ या अर्धवटाने लंगडी घालत जायचं, योग्य वाक्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि मगच पाय टेकवायचा. हात भलत्याच खांद्यावर पडला की सर ओरडत, ‘अबे, बैल तहानले म्हणून गुरुजी निजले का?’

पडण्याच्या भीतीने मी नेहमी छोटी, पूर्ण वाक्यंच मागून घ्यायचो. सरांच्या ते लक्षात आलं. म्हणाले, ‘दिनू, सगळेच दोन पायांवर उभे राहिले तर पीटीचा तास होते गा, लिवणं नाही. अर्धवट असण्याची लाज कायची? कोणाजवळ जायचं, तेवढं समजलं पाहिजे.’

एकदा तपासणीला साहेब आले. मुलं उन्हात नाचताना पाहून त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. सर हात जोडून म्हणाले, ‘साहेब, एक पोट्टा कमी पडते. जरा ‘आल्दो’वालं अर्धं वाक्य होता का?’ साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, बूट उचलला आणि माझ्या खांद्यापर्यंत लंगडी घालत आले. त्यांचा जड हात अजून आठवतो.

सरांमुळेच मी इंग्रजीचा शिक्षक झालो. भंडाऱ्यातल्या एका शिकवणीवर्गात शिकवतो. शिकवतो म्हणजे निबंध पाठ करून घेतो. ‘इट वॉज अ प्लेझंट मॉर्निंग. द बर्ड्स वेअर चर्पिंग.’ ही सुरुवात सहलीला चालते, जत्रेला चालते, नदीकाठालाही चालते. वर्गात कॅमेरा आहे, आणि संचालक त्यांच्या मोबाइलवर बघत असतात. एकदा मी मुलांना मागच्या मैदानात नेलं, तर लगेच फोन आला, ‘रिझल्ट मैदानात लागते का, मास्तर?’ पन्नाशीच्या उंबरठ्यावर मला दुसरं कोण ठेवून घेणार? मी मुलांना आत आणलं. त्यानंतर कधी बाहेर नेलं नाही.

निवृत्तीनंतर सर नदीपलीकडे कारध्याला मुलीकडे राहायला आले. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली होती. पुलावरून रोज भंडाऱ्याला येणारी त्यांची नात मानसी त्यांनी मुद्दाम माझ्याकडे घातली. ‘नंबर गेला खड्ड्यात,’ ते म्हणाले. ‘पाहिलेलं तिले लिवता आलं पाहिजे. मले तसंही तिच्याच डोळ्यांनी पाहा लागते.’ मी ‘हो सर’ म्हणालो. आणि तिलाही प्लेझंट मॉर्निंगच दिली.

एका संध्याकाळी मी भेटायला गेलो तेव्हा ते आम्हा दोघांना घेऊन नदीकाठी आले. मानसीला म्हणाले, ‘सांग वो, नदी कशी दिसून राहिली? इंग्रजीत सांग.’ ती ताठ उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, ‘इट वॉज अ प्लेझंट मॉर्निंग. द बर्ड्स वेअर चर्पिंग.’

‘सकाळ कायची? चारचा चहा आताच तर पेलो!’ सर खो-खो हसले. ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली.

मग सरांनी माझ्या दिशेने तोंड वळवलं. ‘दिनू, पाण्यात डोंगे आहेत का?’

‘आहेत सर. दोन होड्या.’

‘माहे डोळे गेले रे बाबू. तिचे कायले बंद करून राहिला?’

ते रागावले असते तर बरं झालं असतं. परतताना त्यांनी माझाच खांदा धरला आणि घरापर्यंत अड्याळच्या गप्पा मारल्या. मी उद्यापासून, उद्यापासून असं मनात म्हणत चालत होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरलो, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि पुढचा निबंध सांगायला घेतला.

थंडीत सर गेले. तेरवीनंतर मानसी वर्गात आली. तास संपल्यावर टेबलाजवळ येऊन म्हणाली, ‘सर, अड्याळच्या शाळेत आबाजींसाठी सभा आहे. मले इंग्रजीत बोला म्हणतात. तुमच्याजवळ तयार असेल ना काही? पाठ होऊन जाईल.’

माझ्याजवळ तयार होतं. ‘ही वॉज अ ग्रेट मॅन’ ओठांपर्यंत आलंसुद्धा.

‘एक पाय उचल,’ मी म्हणालो.

तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि पाय उचलला.

‘आता व्हेनने सुरू कर. आबाजींबद्दल जे खरं असेल ते.’

बराच वेळ ती डुलत राहिली. ‘व्हेन आबाजी आस्क्ड मी अबाउट द रिव्हर...’ तोल गेला तशी ती लंगडी घालत पुढे आली. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, ‘आय डिड नॉट लुक.’ मग तिने पाय टेकवला आणि रडायला लागली.

खिशात फोन वाजला. मी उचलला.

‘काय नाटक चालू आहे, मास्तर?’

‘काही नाही साहेब,’ मी म्हणालो. ‘शंका विचारून राहिली होती. झालंच.’

मानसीचा हात अजून माझ्या खांद्यावर होता. तिने सगळं ऐकलं होतं.