रिकाम्या डबीची फिर्याद

ते प्रकरण आजही आठवलं की माझं डोकं ठणकायला लागतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, रेल्वेरुळांवरचे पंचनामे केले, पण एवढा वैताग मला कुणी दिला नाही. एका बाजूला सासरा, दुसऱ्या बाजूला जावई आणि मधे चांदीचं एक पदक. नावं सांगत नाही. ती माणसं अजून डोंबिवलीत आणि ठाण्यात राहतात आणि निवृत्तीनंतर मला त्यांचा आणखी एक तक्रार अर्ज वाचायचा नाही.

मी तेव्हा डोंबिवलीच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन आणि बंदोबस्त उरकून खुर्चीत टेकलो होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आला. बाहेर एक गृहस्थ बसलेत आणि फक्त मोठ्या साहेबांशीच बोलणार म्हणतात, असं त्याने सांगितलं. गृहस्थ सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, सत्तरीच्या आसपासचे. कडक इस्त्रीचा सदरा, खिशाला कागदी तिरंगा. त्यांनी निळ्या मखमलीची एक डबी माझ्यासमोर ठेवली आणि उघडली. आत काहीच नव्हतं.

"साहेब, माझ्या वडिलांना पळवून नेलंय," ते म्हणाले.

मी सरळ बसलो. वडील किती वर्षांचे, कधीपासून बेपत्ता, हे विचारलं. तेव्हा कळलं की हे गृहस्थ शाळेत असतानाच त्यांचे वडील वारले होते. ते दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत होते, ब्रह्मदेशात लढले आणि शौर्याबद्दल त्यांना चांदीचं पदक मिळालं होतं. त्या सकाळी गल्लीतल्या मंडळाने सैनिकांच्या घरच्यांचा सत्कार ठेवला होता. यांनी स्टेजवर माईकसमोर ऐटीत डबी उघडली आणि ती रिकामी निघाली. चार लोकांत शोभा झाली, ती वेगळीच.

"संशय कुणावर?"

"संशय कसला, खात्री आहे. जावयाने नेलं."

"कशावरून?"

"त्याला नाद आहे."

हा जावई ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहायचा. एका कंपनीत ड्राफ्ट्समन होता आणि जुनी लष्करी पदकं, बिल्ले, शिरस्त्राणं, असलं काय काय जमवायचा. दिवाळीला सासुरवाडीला आला असताना म्हणाला होता, बाबा, एकदा ते पदक दाखवा ना. सासऱ्यांनी "पुढच्या खेपेला" म्हणून टाळलं होतं. एवढाच काय तो पुरावा. मी लगेच गुन्हा दाखल केला नाही, अर्ज चौकशीवर ठेवला. माझं चुकलं असेल तर एवढंच की चौकशी स्वतःकडे ठेवली.

कारण दुसऱ्याच दिवशी त्यांची मुलगी मला भेटायला आली. लग्नाला तीनेक वर्षं झालेली, एका शाळेत नोकरी करणारी. आदल्या दिवशी वडिलांनी फोनवर नवऱ्याला चोर म्हटलं. ती नवऱ्याकडे बघत राहिली, तर त्याचा पहिला प्रश्न काय, तर "डबी ओरिजिनल आहे का गं?" ती बॅग भरून माहेरी निघून आली.

"साहेब," ती म्हणाली, "ह्यांनी घेतलं असेल तर मी परत जाणार नाही. आणि नसेल घेतलं, तर बाबांच्या घरात मी पाऊल ठेवणार नाही. म्हणजे काहीही निघालं तरी माझं एक घर जाणार. फक्त कुठलं, ते लवकर सांगा. मला असं लटकत नाही राहवत."

रडली नाही. पर्स उचलली आणि निघून गेली. त्या दिवसापासून ते पदक माझ्या मानगुटीवर बसलं.

मग पोलीस ठाण्यात एक निनावी फोन आला. आवाज दबका. "पदक जावयाच्या घरातच आहे. लोखंडी कपाटात, खालच्या खणात." मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? पलीकडे दुसरा आवाज हळूच म्हणाला, "सांग, विश्वसनीय सूत्र." तो दुसरा आवाज सासरेबुवांचा होता. नाना-नानी पार्कातल्या मित्राला हाताशी धरून गृहस्थ स्वतःच खबरी झाले होते. मी फोन ठेवला आणि चहा मागवला. पण खबर आली की पाहणं भाग असतं.

जावयाने घर आनंदाने दाखवलं. इतका आनंद झालेला संशयित मी पाहिला नाही. मला आणि माझ्या हवालदाराला त्याने सुती हातमोजे घालायला लावले. प्रत्येक खण उघडताना त्या वस्तूचा सगळा इतिहास. पंच बिचारे कधीचे घड्याळ बघायला लागले होते. आणि खालच्या खणात खरंच एक चांदीचं पदक निघालं. एका बाजूला इंग्रजांच्या राजाचं तोंड, सासऱ्यांनी वर्णन केलं होतं तसंच. या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. याच्या कडेवरचं नाव कानशीने घासून काढलेलं होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"चोरबाजारात घेतलं, साहेब. नाव आधीच घासलेलं होतं, म्हणून तर मला परवडलं."

"पावती?"

"चोरबाजारात?"

मुद्देमाल जप्त करून त्याला ठाण्यात जबाबाला बोलावलं. साध्या प्रश्नाला साधं उत्तर देईल तर शपथ. दिवाळीत सासऱ्यांच्या कपाटाजवळ गेला होतात का, असं विचारलं, तर म्हणाला, "नाही साहेब, मी हॉलमध्येच होतो. पण त्या पदकाची फीत फार सुंदर असते. कडांना गडद निळी, मधे किरमिजी." बायको माहेरी का गेली, असं विचारलं, तर पुन्हा फीत. मी टेबलावर हात आपटला. त्याने माफी मागितली आणि पुन्हा निळा आणि किरमिजी रंग सुरू झाला. जबाब लिहिणाऱ्या शिपायाने कंटाळून तेही लिहून टाकलं.

त्यात आमच्या हवालदाराने पराक्रम केला. कडेवरचं पुसट नाव वाचता येईल म्हणून त्याने जप्त पदक मागच्या नळावर नेलं आणि चिंच लावून लख्ख घासून आणलं. नाव काही उमटलं नाही, पण पदक नव्या वाटीसारखं चमकायला लागलं. ते पाहून जावई खाली बसला आणि रडायला लागला. "सत्तर वर्षांचा काळपटपणा होता हो त्यावर. तो परत येत नाही." नेमकी त्याच वेळी त्याची बायको दारात उभी होती. मी तिला सह्यांसाठी बोलावलं होतं. ती घर सोडून गेली तेव्हा त्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हता, हे तिनेच मला सांगितलेलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सही न करता गेली. मला हवालदार आणि जावई, दोघांना एकाच कोठडीत टाकावंसं वाटलं.

ओळख पटवायला सासऱ्यांना बोलावलं. पदक बघताच ते म्हणाले, "हेच. डोळे मिटून सांगतो."

"फीत कशी होती?" जावयाने मधेच विचारलं.

"तिरंगी," सासरे ठामपणे म्हणाले.

जावयाने कपाळाला हात लावला. "अहो बाबा, इंग्रजांच्या राजाचं पदक. त्याला तिरंगी फीत कोण लावेल?"

"तू मला माझ्या बापाचं पदक शिकवणार? दर पंधरा ऑगस्टला काढतो मी ते."

पदक की डबी, असं मी विचारलं. त्यावर ते भडकले. पोलीस जावयाला सामील आहेत, सोमवारपर्यंत गुन्हा दाखल झाला नाही तर थेट आयुक्तांकडे जाईन, असं सगळ्या ठाण्याला ऐकू जाईल असं सांगून निघून गेले. मला एवढं कळलं की या माणसाने ते पदक कित्येक वर्षांत नीट पाहिलेलं नाही. पण न पाहिलेलं पदकसुद्धा चोरीला जाऊ शकतं. शिवाय त्यांनी लेखी ओळख पटवलेली, नाव घासलेलं, पावती नाही. सोमवारी मला त्या जावयाला अटक करावी लागली असती आणि त्या मुलीचं घर माझ्याच सहीने मोडलं असतं.

रविवारी सकाळी मी साध्या कपड्यांत सासऱ्यांकडे गेलो. म्हटलं, काकांना समजावून बघू. गृहस्थ पूजेला बसलेले. पूजा होईपर्यंत बोलणार नाहीत, असं त्यांच्या बायकोने सांगितलं आणि मला चहाला आत बोलावलं. देव्हारा स्वयंपाकघरातच होता. काकांनी सगळे देव ताम्हणात काढले होते. खंडोबा, भवानी, आणि एक टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठसा उठवलेला, फेटेवाल्या माणसाचा. काका त्याला दुधाने अंघोळ घालत होते, इतक्या मायेने की मला क्षणभर त्यांचा राग यायचा थांबला.

"तो कुणाचा टाक?" मी काकूंना विचारलं.

"माझ्या सासऱ्यांचा, ह्यांच्या वडिलांचा. आमच्यात घरच्या कर्त्या माणसाचा करतात."

त्या टाकाची रिकामी जागा मला दिसत होती. लाल आसनावर कापडाची एक पट्टी घडी करून ठेवलेली. कडा गडद निळ्या. मधे किरमिजी.

माझा चहा तसाच राहिला. त्या जावयाने फितीवरून आठवडाभर माझं डोकं खाल्लं नसतं तर ती पट्टी मला साधी चिंधी वाटली असती.

"काकू, ते कापड कुणी ठेवलंय?"

"आमच्या सासूबाईंनी. मुलीच्या लग्नाच्या आधी त्या स्वतः कल्याणला जाऊन टाक उजळून घेऊन आल्या. जुना पार गुळगुळीत झालेला. तेव्हापासून आहे ते. लग्नानंतर वर्षभरात त्या गेल्या."

"चांदी कुठली घातली?"

"स्वतःचे जुने वाळे मोडले, म्हणाल्या." काकू थांबल्या. "पण वाळे मला मागाहून त्यांच्या पेटीत सापडले."

काका मंत्र म्हणत होते. त्यांच्या कानावर आमचं काही गेलं नाही. मी कल्याणच्या त्या सोनाराचा पत्ता घेतला आणि उठलो.

कल्याणच्या जुन्या बाजारातला तो सोनार पोलीस म्हटल्यावर पांढराफटक पडला. चोरीच्या सोन्याचं नाही, असं तीनदा सांगितल्यावर बोलता झाला. म्हातारी त्याच्या चांगली लक्षात होती. पदराच्या गाठीतून तिने पदक काढून समोर ठेवलं होतं. त्याने समजावलं, आजी, हे सरकारी पदक आहे, मोडायचं नसतं. ती काय म्हणाली ते त्याने तिच्याच बोलीत ऐकवलं.

"ह्या गोऱ्याचं त्वांड मी घरात किती वरसं सांभाळू? माज्या धन्याचं त्वांड हाय का कुटं घरात? येक फोटू न्हाई. ह्याचं वितळव आन् त्येंचं काढ."

"मुलाला विचारलंत का, असंही म्हटलं मी," सोनार सांगू लागला. "तर म्हणाली, त्याला नुसती डबी लागती. डबी ऱ्हाऊ दे त्याला."

मी त्याच्या बाकड्यावर बसून राहिलो. हसावं की त्या म्हातारीच्या पाया पडावं, ते मला कळेना. म्हणजे जावई बोहल्यावर उभा राहिला तेव्हाच ते पदक देव्हाऱ्यात होतं.

संध्याकाळी सगळ्यांना त्यांच्याच घरी एकत्र बसवलं. सोनारालाही घेऊन गेलो. काका आधीच तडकले होते. "पदक मिळालं का? मिळालं असेल तर द्या, नसेल तर उद्या आयुक्त."

"मिळालं, काका. आज सकाळी तुम्ही त्याला दुधाने अंघोळ घातलीत."

सोनाराने सांगितलं. डबीची गोष्ट मी सोनाराला गाळायला सांगितली होती, पण त्या शहाण्याने तीही सांगितली. काकांनी आतून टाक आणला, दिव्याखाली धरला आणि पहिल्यांदाच नीट पाहिला असावा. मग खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. जावयाला म्हणाले, "जावईबापू, माझी अक्कल गेली होती." माफी अशी मागितली नाही. तेवढीच मिळाली, आणि मी तीच पुरेशी धरली. दुसऱ्या दिवशी तक्रार मागे घेण्याचा अर्ज आला. त्यात लिहिलं होतं, पदक घरातच मिळून आले, पोलिसांच्या अक्षम्य दिरंगाईबद्दल तूर्त काही म्हणणे नाही. वाचून मी फाईल मिटली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? एक म्हणजे, फिर्यादी छातीठोकपणे सांगतो ती वस्तू त्याने शेवटची कधी पाहिली, हे आधी विचारायचं. दुसरं, कंटाळवाणा माणूस खोटा असतोच असं नाही. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी लोकांची बडबड पुरती ऐकून घेतली. पुष्कळदा पस्तावलोही.

चार दिवसांनी जावई जप्त पदक परत न्यायला आला. बरोबर बायको होती. ती घरी परतली का, हे विचारायचा मला धीर होत नव्हता. रजिस्टरवर सह्या झाल्या. जावई ते लखलखीत पदक हातात घेऊन उदास उभा राहिला. आता याला कुणी विचारणार नाही, संग्रहात ठेवायच्याही लायकीचं नाही, म्हणाला.

मी म्हटलं, सासऱ्यांच्या डबीत ठेवा. डबी रिकामीच आहे.

"विचारलं," मुलगी म्हणाली. "बाबा म्हणाले, दुसऱ्याच्या बापाचं पदक माझ्या डबीत कशाला."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे पदकही कुणाच्या तरी बापाचंच होतं. तोही कुठेतरी लढला होता. त्याचं नाव कानशीने घासलं गेलं, तो चोरबाजारात विकला गेला, माझ्या टेबलावर इतके दिवस पडून राहिला. त्याच्यासाठी कुठल्याच ठाण्यात कुणी आलं नव्हतं.

मुलीने नवऱ्याच्या हातातून पदक घेतलं आणि रुमालात गुंडाळलं.

"आपल्या देव्हाऱ्यात ठेवू," ती म्हणाली. "ह्यांनाही कुणीतरी अंघोळ घालायला हवी ना."

"अगं, पाणी लागलं की चांदीवर," जावयाने सुरुवात केली.

तिने फक्त त्याच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत मला जे जमलं नव्हतं ते झालं. तो गप्प बसला. मग त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं ठाण्याला, आपल्या घरी निघून गेली.