अप्पांची उजवी बाजू

दुसऱ्या वर्षाला आम्हाला बारा चेहरे काढायचे होते, समोर माणूस बसवून. फोटोवरून काढलेलं चालणार नव्हतं; सरांना ते कागद बघताक्षणी कळायचं. मी नगरला कला महाविद्यालयात शिकत होते आणि वसतिगृहात राहत होते. खोलीतल्या तिघी मुलींचे चेहरे काढून झाले होते, पण एकही दहा मिनिटांच्या वर बसली नव्हती. एकीचा मोबाईल वाजायचा, दुसरीला हसू यायचं. बसस्टँडवर जाऊन काढायला बसावं, तर चेहरा जमायला लागला की त्या माणसाची गाडी लागायची.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी अप्पांना लकवा मारला. अप्पा म्हणजे माझे वडील. ते पाथर्डी ते नगर जीप चालवायचे. त्या दिवशी सकाळी निघताना त्यांच्या उजव्या हातातून चावी पडली. आईनं ती उचलून दिली. पुन्हा पडली. तेव्हा आईनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

महिनाभर ते नगरच्या दवाखान्यात होते. कॉलेज सुटलं की मी जायची, आईला जरा पडायला मिळावं म्हणून. जीव वाचला, पण उजवा हात आणि पाय गेला, बोलणं गेलं. एखादा शब्द यायचा, तोही अर्धा. गालाची आणि ओठाची उजवी बाजू खाली ओघळली होती. जीप चुलते चालवायला लागले. अप्पा गावी परत आले ते दारातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायला लागले. सकाळी आई आणि चुलते त्यांना धरून आणायचे, ऊन उंबऱ्यावर आलं की आत न्यायचे.

मी दर शनिवारी घरी यायची. अशाच एका शनिवारी अंगणात चहा पीत उभी होते. अप्पांच्या तोंडावर कडेनं ऊन येत होतं. डाव्या बाजूला कपाळ, गाल, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत येणारी खोल रेघ, सगळं स्पष्ट. उजव्या बाजूला ती रेघच नव्हती. तो गाल गुळगुळीत झाला होता, पोरासारखा. आणि माझ्या मनात आलं, हे हलणार नाहीत. हे मी इथं लिहितेय, पण आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"अप्पा, तुमचं चित्र काढू का?" मी विचारलं. विचारलं तेव्हा बोर्डाला कागद लावून झाला होता. त्यांनी मान हलवली, की ती आपोआप हलली, हे मी नीट पाहिलं नाही.

पहिल्या दिवशी दोन तास काढलं. पुढच्या शनिवारी पुन्हा, त्याच्या पुढच्याही. चार शनिवार. इतका वेळ एका चेहऱ्यासमोर मी कधीच बसले नव्हते. सर वर्गात म्हणायचे की डोळे-नाक काढू नका, सावल्या काढा, चेहरा आपोआप येतो. मला ते शब्द पाठ होते, पण त्यांचा अर्थ तिथं कळला. ओघळलेल्या ओठाखालची सावली काढताना मी पेन्सिल आडवी धरून इतकी हलकी चालवली की माझाच श्वास मला ऐकू येत होता. मला आनंद होत होता. खरं सांगायचं तर त्या चार शनिवारी मी फार सुखात होते.

त्यांच्या तोंडाच्या त्या कोपऱ्यातून लाळ यायची. आई दर थोड्या वेळानं फडक्यानं पुसायची. चौथ्या शनिवारी त्या ओल्या कोपऱ्यावर उजेडाचा एक ठिपका आला होता आणि मला तो हवा होता. आई फडकं घेऊन आली.

"आई, थांब जरा. आत्ता पुसू नकोस."

आई थांबली. फडकं हातात धरून उभी राहिली. मी मऊ खोडरबराचं टोक चिमटून बारीक केलं आणि शिसं पुसून तो ठिपका कागदावर उठवला. पाच मिनिटं लागली असतील. अप्पा समोर बघत होते.

मी तो कागद गुंडाळून नगरला नेला. अप्पांना दाखवला नाही. का नाही दाखवला, याचं उत्तर तेव्हा माझ्याकडं होतं: बस चुकेल.

सरांनी माझे बारा कागद टेबलावर पसरले आणि अकरा बाजूला केले. अप्पांच्या कागदासमोर ते बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "हे कोण?"

"वडील."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि माझा खांदा हलकेच थोपटला. कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनात तो कागद त्यांनी दारासमोरच्या भिंतीवर लावायला सांगितला. मुलं येऊन बघायची आणि गप्प व्हायची. मी जवळपास घुटमळत राहायची, ती गप्प होताना बघायला. तिसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरातला माणूस येऊन फोटो काढून गेला. मी त्याला माझं नाव आणि गाव सांगितलं.

सोमवारी सकाळी आईचा फोन आला. तिचा आवाज बारीक होता.

"तू पेपरात दिलंस का ते?"

"काय?"

"तुझ्या अप्पाचं चित्र. मास्तर आल्ते पेपर घेऊन."

आमच्या गावात एक निवृत्त मास्तर आहेत. मला चौथीला तेच होते. माझं नाव पेपरात आलेलं बघून ते सकाळीच आमच्या दारात आले. आई आत भाकऱ्या थापत होती. अप्पा खुर्चीत. मास्तरांनी पेपर उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "बघा, पोरीनं तुम्हाला पेपरात आणलं." आई पिठाचे हात घेऊन बाहेर आली तोवर अप्पांनी बघितलं होतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. बघत हुते. लई येळ बघत हुते. मला वाटलं पेपर वाचत्यात. त्यांनी अजून बघितलं नव्हतं गं सोताला. मोरीवरचा आरसा मी काढून ठिवला हाय दवाखान्यातून आल्यापासनं. दाढी मीच करते. तुला म्हाईत न्हाई का?"

मला माहीत नव्हतं. मोरीशेजारच्या भिंतीवर नुसता खिळा होता आणि मी दर शनिवारी तिथं तोंड धूत होते. चार शनिवार मी त्या घरात सावल्या बघत बसले होते.

मी त्या दिवशी तास सोडून दुपारच्या एसटीनं निघाले. घरी पोचले तर अप्पा आत खाटेवर होते, भिंतीकडं तोंड करून. मी जवळ बसले.

"अप्पा, मला माफ करा. तुम्हाला आधी दाखवायला पाहिजे होतं."

ते वळले नाहीत. डावा हात हलला. उशाशी तो पेपर घडी करून ठेवला होता. त्यांनी तो काढला, उघडला, खाटेवर पसरला. मग डाव्या हाताचा पंजा चित्राच्या एका अंगावर ठेवला, ओघळलेली बाजू झाकली जाईल असा. राहिलेली अर्धी बाजू त्यांची होती, जीपवर जाणाऱ्या माणसाची. मग त्यांनी हात उचलला आणि मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"नीट," ते म्हणाले. बराच वेळ गेला. "कर."

आई दारात होती. ती म्हणाली, "त्यांना पयल्यासारखं काढून पायजे. काढ की. तुला येतंय."

मला वाटलं, निदान हे तरी माझ्या हातात आहे. दुसऱ्या दिवशी मी नवा कागद लावला. डावी बाजू जशीच्या तशी उतरवली. उजवी बाजू काढायला घेतली आणि थांबले. डावीचीच उलटी करून काढली तर चेहरा मुखवट्यासारखा दिसायला लागला. कुणाचाही चेहरा दोन्हीकडं सारखा नसतो, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेलं. मग अप्पांची उजवी बाजू कशी होती? मी डोळे मिटून आठवायला लागले. जीपमध्ये मी नेहमी मागं बसायची, मला त्यांची मान आठवली, मानेवरचा रुमाल आठवला, गिअर टाकणारा हात आठवला. ते हसायचे हे आठवलं. हसताना चेहऱ्याचं काय व्हायचं, ते येईना. वीस वर्षं मी त्यांच्या घरात जेवले होते आणि ते आजारी पडेपर्यंत मी त्यांना एकदाही नीट बघितलं नव्हतं.

"आई, अप्पा हसायचे तेव्हा कसे दिसायचे?"

आई भांडी घासत होती. "कसे म्हंजे? हसत्यात तसे."

"गालाला खळी पडायची का? डोळे बारीक व्हायचे?"

ती हात थांबवून विचार करायला लागली. मग तिच्या चेहऱ्यावर एक घाबरल्यासारखा भाव आला. "आता हेच डोळ्यापुढं येतंय बाई," ती म्हणाली. "आधीचं येतच न्हाई."

घरात लग्नातला एक फोटो होता, पण त्यात मुंडावळ्यांमुळं अर्धा चेहरा दिसत नव्हता. मग लायसनवरचा फोटो होता, नखाएवढा. चुलत्यांच्या मोबाईलमध्ये एक होता, जीपला हार घातलेला, त्यात अप्पा लांब आणि गॉगल लावून. मी लायसनवरून काढलं. तीन दिवस काढलं, दोन कागद फाडले. तिसऱ्या कागदावर चेहरा सरळ आला. आईनं बघितलं आणि म्हणाली, "चांगलंय." जरा वेळानं म्हणाली, "त्यांच्या थोरल्या भावासारखं दिसतंय."

मी ते अप्पांपुढं धरलं. त्यांनी बघितलं, मान हलवली, आणि "बरं हाय" म्हणाले. अक्षरं तुटत होती तरी मी ओळखलं. जीपमध्ये एखादा पाहुणा फार बोलायला लागला की अप्पा त्याला असंच म्हणायचे, त्याला वाईट वाटू नये म्हणून.

नगरला गेल्यावर सरांनी बोलावलं. पहिला कागद राज्य पातळीच्या प्रदर्शनाला पाठवायचा, असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, वडिलांना विचारते. या वेळी खरंच विचारलं. शनिवारी त्यांच्या पायांशी बसून सगळं सांगितलं: कुठं लागेल, कोण बघेल.

"न्हाई," अप्पा म्हणाले. दवाखान्यातून आल्यापासून इतका स्वच्छ शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

सरांना सांगितलं तेव्हा ते चिडले नाहीत. म्हणाले, "चित्र काढून झालं की ते चित्र असतं. माणसाचं राहत नाही." त्यांचं कदाचित बरोबर असेल. मी कागद पाठवला नाही आणि मुदत निघून गेली. तो कागद आता माझ्या वसतिगृहातल्या खाटेखाली आहे, प्लॅस्टिकमध्ये. माझ्या हातून आजवर झालेलं ते सगळ्यात चांगलं काम आहे, हे मला माहीत आहे. तो फाडवत नाही आणि कुणाला दाखवताही येत नाही.

यंदा माझं शेवटचं वर्ष. अप्पा काठी घेऊन दारापर्यंत येतात. बोलणं फारसं सुधारलं नाही. मी समोर आले की ते तोंड किंचित उजवीकडं वळवतात, चांगली डावी बाजू माझ्याकडं करून, बॅगेत कागद नसला तरी. "मी काढत नाहीये, अप्पा," असं एकदा म्हणून बघितलं. त्यांनी ऐकलं आणि तसेच बसून राहिले.

शेवटच्या परीक्षेला घरातल्या माणसाचं एक चित्र द्यायचं असतं. गेल्या महिन्यात आई आपणहून म्हणाली, "माझं काढ." डोक्यावरचा पदर सारखा करून ती ओट्याला टेकून बसली. मी कान काढला, पदराची कड काढली, कपाळाला सुरुवात केली. तेवढ्यात बाहेर अप्पांची काठी आपटल्याचा आवाज आला आणि ती उठून गेली. पुन्हा येऊन बसली, पुन्हा उठली. तिसऱ्यांदा उठली तेव्हा मी तिला थांब म्हटलं नाही. तो कागद तसाच दिला. परीक्षकांनी विचारलं, हे अपूर्ण का आहे. मी म्हटलं, आईला वेळ नव्हता. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि पुढच्या मुलाच्या टेबलाकडं गेले.