गुलाबाच्या कुंडीतली पेंड

आज सकाळी आमचा कुत्रा मोत्या आपल्या पायांवर उभा राहिला आणि त्याने वाटीभर पेज चाटून संपवली. तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही.

तीन दिवसांपूर्वी मी गुलाबाच्या कुंडीत खत म्हणून मूठभर एरंडीची पेंड घातली होती. थोड्या वेळाने पाहते तर कुंडी उकरलेली आणि मोत्याचं नाक मातीने माखलेलं. मला हसूच आलं. माहेरी आम्ही म्हशीला शेंगदाण्याची पेंड चारायचो, त्यामुळे पेंड म्हणजे खाणं, हे मनात पक्कं. सासूबाईही म्हणाल्या, "खाऊ दे गं. तुझ्या भाकरीपेक्षा बरी लागली असेल."

संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या. त्याने काय खाल्लं ते दाखवायला मी जनावरांच्या डॉक्टरांपुढे पेंडीची पिशवीच ठेवली.

"पिशवी आणलीत ते बरं केलंत, ताई," ते म्हणाले. "एरंडीच्या पेंडीत विष असतं. कुत्री वासाला भुलतात."

दोन दिवस त्याला सलाईन लावलं. ज्या मुठीने गुलाबाला कळ्या येतात, तीच मोत्याला नेत होती. माती ते विष मुकाट्याने पचवते. मी इतकी वर्षं झाडाला काय हवं तेवढंच पाहिलं. झाडाखाली कोण हुंगत फिरतं, ते पाहिलंच नाही.

आत्ता तो अंगणातल्या कावळ्यावर भुंकला. आवाज बसलाय, अर्धाच निघाला. सासूबाईंनी हातातली माळ थांबवली. तो पुन्हा कधी भुंकतो म्हणून आम्ही दोघी कान देऊन बसलो आहोत.