मोहरीच्या डब्यावरची चिठ्ठी
काल मोहरीचा डबा घासताना त्यावरची जुनी चिठ्ठी ओली होऊन सुटली आणि मला पन्नाशीतली ती दुपार आठवली. तेव्हा महिनाभर मला धड झोप नव्हती, आणि छातीत अशी धडधड व्हायची की अंगावरची चादरसुद्धा हलतेय असं वाटायचं. आपलं हृदय संपलं, हे मी ठरवूनच टाकलं. मोठी काळजी तुमच्या आजोबांची होती, कारण त्यांना ओवा आणि जिरं यांतला फरक कळत नव्हता. म्हणून कुणाला न सांगता मी सगळ्या डब्यांवर सूचना चिकटवायला घेतल्या. मुलुंडच्या त्या छोट्या स्वयंपाकघरात हिंगाचा आणि गोंदाचा वास भरला होता. तेवढ्यात आजोबा लवकर घरी आले आणि मोठ्याने वाचू लागले, "मोहरी. तेल तापल्यावर घालावी. तडतडली तर घाबरू नका." मग म्हणाले, "अगं, तू कुठे निघालीस?" मला रडूच फुटलं. त्यांनी मला तशीच रिक्षात बसवून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी ईसीजी काढला, पाळीची चौकशी केली आणि हसून म्हणाल्या, "हृदय ठणठणीत आहे हो. पाळी जाताना होतं असं. धडधडलं तर घाबरू नका." "हे तिने मोहरीवर लिहिलंय," आजोबा म्हणाले. पुढे वर्षभर धडधड येत-जात राहिली. मी उठून बसले की ते कूस न बदलता विचारायचे, "तडतडली का गं?" आणि हसता हसता मला झोप लागायची. चिठ्ठी मी वाळवून पुन्हा चिकटवली आहे. ओवा कुठला, हे ते अजून मलाच विचारतात.