चार मतांचं घर

काल दुपारी मंगळवार पेठेतल्या आमच्या घराची बेल वाजली... आणि मी दचकलो. महापालिकेची निवडणूक होऊन गेल्यावर वाजलेली ती पहिलीच बेल.

त्याआधीचे दिवस मात्र काय सांगू! दात घासतोय तोवर पहिली टोळी दारात. गळ्यात पट्टे, हातात पत्रकं, मागे तालमीची पोरं आणि उमेदवार थेट माझ्या पायाशी वाकलेला. रिक्षावरच्या कर्ण्यातलं प्रचाराचं गाणं यमकात बसायचं, पण चालीत एक अक्षर जास्त व्हायचं... मी खिडकीत बसून बोटांवर मात्रा मोजायचो. शाळेत कविता पाठ करताना लागलेली खोड, ती काही जात नाही.

तर, सगळ्यांचा प्रश्न एकच. "काका, घरात मतं किती?"

पहिल्या टोळीला मी खरं सांगितलं. एक. "बरं, लक्ष असू द्या," म्हणत मंडळी पुढच्या दारात. मी चहाचं विचारेपर्यंत जिना मोकळा. एका मतासाठी कोण बसतंय हो?

दुसऱ्या टोळीला माझ्या तोंडून निघून गेलं, "चार." मी, मालती, मुलगा, सूनबाई. मालती आता फोटोत असते आणि मुलगा-सून बेंगळुरूला... पण एके काळी हे चार मतांचं घर होतंच की. आणि गंमत म्हणजे, मंडळी बसली! चपला काढून, पंख्याखाली. कुणीतरी विचारलं, "काकू कुठायत?" मी म्हटलं, "आत आहेत." फोटो आतल्याच खोलीत आहे.

मग काय, सगळ्याच पक्षांना चार. कपाटातल्या कपबश्या कितीतरी वर्षांनी एकत्र बाहेर आल्या. निघताना प्रत्येक जण म्हणायचा, "येतो काका." आपल्या भाषेत जाणारा माणूस ‘येतो’ म्हणतो... किती गोड फसवणूक. मी ते खरं धरून दूध जास्त घ्यायला लागलो.

मतदानाच्या दिवशी मागच्या गल्लीतली छाया मोपेड घेऊन हजर. एका उमेदवार बाईंची ही खंदी कार्यकर्ती, तोंडानं फटकळ. आमच्या गेटवर त्या बाईंचं स्टिकरही तिनंच चिकटवलेलं.

"चला काका, चौघंबी भाईर या. फेऱ्या मारून नेतो सगळ्यांस्नी." आमच्याकडच्या बायका ‘नेते’ म्हणत नाहीत, ‘नेतो’च म्हणतात.

मी दारातच उभा. "एकटाच आहे गं..."

"आणि बाकीची तीन?"

तिनं दाराजवळ बघितलं. चपलांचा एकच जोड. आणि ती एकदम हसली.

"मग खोटं कुठं बोललासा? पयलं एक नगरसेवक हुता, औंदा एका प्रभागात चार निवडायचे हायत. अ, ब, क, ड. म्हंजे एका माणसाला चार मतं! तुमचं घर चार मतांचंच झालं न्हवं? बसा मागं. आणि चष्मा घेतलासा काय?"

मतदान केंद्र म्हणजे माझीच जुनी शाळा, आणि खोलीही माझ्याच वर्गाची निघाली. याच फळ्यापुढे हात मागे बांधून मी कविता म्हणायचो. यंत्रावर चार रंगांचे कागद होते. पांढरा, गुलाबी, पिवळा, निळा... तीन बटणं दाबली आणि बोट थांबलं.

चौथं दाबलं की संपलं. मग या शहरात कुणालाच आपल्याकडून काही नको असणार.

"आजोबा, चौथं राहिलं," टेबलापलीकडून मॅडम म्हणाल्या. अगदी आमच्या शाळेतल्या बाईंचा सूर! तीन ओळी म्हणून अडकलो की त्याही अशाच म्हणायच्या, "चौथी राहिली रे." तेव्हा आठवायची नाही म्हणून अडकायचो. आज आठवत होती, पण म्हणवत नव्हती.

शेवटी दाबलं. लांब शिट्टी वाजली.

छायानं घरी सोडलं, "येतो काका" म्हणाली आणि दुसरी मतं आणायला भुर्रकन गेली. निकालाचा गुलाल पलीकडच्या गल्लीत उधळला गेला. कर्णे बंद, पत्रकं झाडून नेलेली... उरलेल्या दुधाचं मी दही लावलं.

आणि काल ही बेल. दारात छाया.

"आमच्या बाई पडल्या. स्टिकर काढाय आलो," म्हणाली. मग चपला काढतच आत आली. "आणि म्हटलं, मतं तर संपली, आता माणूस हाय का बघून यावं."

मी आधण ठेवलं. साखर जरा जास्तच पडली. तिनं तक्रार न करता चहा प्यायला. आतल्या खोलीत जाऊन मालतीच्या फोटोला नमस्कार केला.

"काकूंना तरी सांगितलासा का, कुणाला दिलं मत?"

"गुप्त असतं ते."

"सगळ्या गल्लीनं मला हेच सांगितलं. म्हणून तर पडलो!"

किती दिवसांनी या घरात दोन माणसं एकदम हसली. फोटोत कायम हसणारी मालती सोडून.

मग ती गेटपाशी बसून नखानं स्टिकरचा कोपरा उचलायला लागली. मी म्हटलं, "राहू दे गं. पुढच्या वेळी काढ."

"पुढच्या वेळी म्हंजे? पाच वर्सांनी व्हय?"

"नाही गं... गुरुवारी."

तिनं कोपरा तसाच सोडला. मग उठली, हात झटकले, मोपेडला किक मारली. "येतो काका."

स्टिकरचा एक कोपरा सुटला होता. संध्याकाळी डिंक लावून मी तो पुन्हा नीट चिकटवून ठेवला.